रिव्ह्यूत सव्वाचार तारे आणि घरी आली की खरखर: नवीन इलेक्ट्रिक गिटारचं हे दर वेळी का होतंय, आणि रिव्ह्यू कसे वाचायचे

समस्या आधी सांगतो. डोळे दुखेपर्यंत रिव्ह्यू वाचून इलेक्ट्रिक गिटार मागवायची, सव्वाचार तारे, खाली लोकांनी 'सेटअप एकदम मस्त, बॉक्समधून काढली आणि वाजवली' असं लिहिलेलं, आणि आपल्या घरी बॉक्स फोडला की पहिल्या चार-पाच फ्रेटवर (दांड्यावर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या) खरखर, नाहीतर बाराव्या फ्रेटला तार एवढी वर की दोन गाण्यांत बोटं सोलून निघायची. परत पाठवली की दुसरी येते, तिचं दुखणं निराळंच. आमच्यात हे तीनदा झालं, एकदा माझं स्वतःचं, एकदा खानापूरच्या आतेभावाचं आणि एकदा निपाणीला मेव्हणीच्या पोराचं, तिन्ही गिटारी वेगळ्या, तिन्ही साइट वेगळ्या, म्हणजे कंपनीला शिव्या देऊन विषय संपत नाही हे तिसऱ्या वेळी डोक्यात आलं.

मी बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं), जॉब पास की रिजेक्ट एवढंच काम. आणि असा माणूस गिटार घेताना काय करतो, तर कुणीतरी नुसतं 'छलो ऐती' (कानडीत 'चांगलं आहे') लिहून पाच तारे दिलेत ते बघून अठरा हजार भरून मोकळा होतो! आमच्याकडं असा रिपोर्ट कुणी आणला, कशानं मोजलं नाही, काय मोजलं नाही, नुसतं 'चांगला आहे', तर सुपरवायझर कागद तोंडावर फेकील.

गडबड कुठं होते ते माझ्या मते असं. रिव्ह्यूत लोक दोन गोष्टी एकात मिसळतात. एक म्हणजे गिटार स्वतः, लाकूड, फ्रेट, नट (डोक्याकडची खाचांची पट्टी, जिच्यात तारा बसतात), ट्यूनर (तारा आवळायच्या खुंट्या), वायरिंग, हे जसं कारखान्यातून आलं तसंच राहणार. दुसरं म्हणजे सेटअप, म्हणजे नेकचा (दांड्याचा) बाक, सॅडलची (बॉडीकडं तार टेकते त्या बैठकीची) उंची, इंटोनेशन (दांड्यावर वरपर्यंत सूर बरोबर लागणं), पिकअप (तारेचं कंपन उचलणारा भाग) तारेपासून किती खाली, हे सगळं स्क्रू फिरवून बदलतं आणि स्क्रू न फिरवताही बदलतं, हवेनं, प्रवासानं, तारा बदलल्या तरी. ९ गेजच्या (जाडीच्या) तारा काढून १० च्या घातल्या की ताण वाढतो आणि नेक थोडी आणखी पुढं ओढली जाते. त्यामुळं 'सेटअप मस्त' हा त्या माणसाच्या हातातल्या त्या एका पीसचा, त्या दिवसाचा हाल आहे, तुमच्याकडं येणाऱ्या पीसशी त्याचा संबंध जवळजवळ नाही. आणि उलटंही खरं, 'बझ (खरखर) येतो, फालतू' म्हणून एक तारा देणाऱ्याची गिटार कदाचित ट्रस रॉडच्या (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई) पाव फेऱ्यात ठीक झाली असती.

हवेचं तर आपल्याकडं विचारूच नका. गिटारच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते म्हणतात. आता खानापूर-कणकुंबीकडं जुलैत काय असतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडं फेब्रुवारी-मार्चला ओठ फुटतात. मुंबई-चेन्नईवाल्यानं लिहिलेला रिव्ह्यू त्याच्या हवेचा. म्हणून मी आता रिव्ह्यूची तारीख आणि गाव आधी बघतो, तारे नंतर. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या रिव्ह्यूत 'फ्रेटची टोकं हाताला टोचतात' हे जास्त दिसलं तर ते बहुतेक लाकूड सुकून आत गेलंय आणि फ्रेट धातूचे म्हणून तिथंच राहिलेत, बारीक कानशीनं अर्ध्या तासाचं काम. पण भर पावसाळ्यात आलेल्या गिटारचीही टोकं टोचली असं तीन-चार जण लिहीत असतील तर ते कारखान्यातच घासलेलं नाही, आणि जिथं टोकं घासली नाहीत तिथं बाकी किती लक्ष दिलं असेल बघा.

आमचे एक मामा मिरजेला असतात, सतारीच्या कारागिरांच्या शेजारात. त्यांना मी पहिल्यांदा ही खरखर ऐकवली तर म्हणाले, "अरे, आमच्याकडं तर लोक पैसे देऊन जवारी काढून घेतात, तुला फुकट मिळाली की!" सतारीला तार घोडीवर घासून झंकारली पाहिजे, गिटारला तीच घासली की रिजेक्शन. शिवाय सतारीचे पडदे बांधलेले, सरकवता येतात. गिटारचे ठोकलेले, एक वर राहिला की राहिला.

आता रिव्ह्यू वाचायचे कसे. पाच तारेवाले मी जवळजवळ सोडूनच देतो, कारण बरेचसे पहिल्याच दिवशी लिहिलेले, कुरिअरवाला 'अण्णा, ओटीपी' म्हणून गेला आणि यांनी पॅकिंगला तारे दिले. एक तारेवाल्यांतले निम्मे डिलिव्हरीवर चिडलेले. दोन, तीन आणि चार तारे, आणि त्यातही 'सहा महिन्यांनी परत लिहितोय' असं म्हणणारे, ते नीट वाचा. आणि शोधायचं एकच, जे स्क्रू ड्रायव्हरनं आणि एलन कीनं बरं होत नाही असं दुखणं, आणि तेच दुखणं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलंय का. एकानं सांगितलं तर त्याचा पीस, पाच जणांनी सांगितलं तर ती लाइनच तशी.

म्हणजे कसं, 'खरखर येते' एवढंच लिहिलेलं असेल तर पुढं चला, त्यात काही माल नाही. पण 'जी (G) तारेवर फक्त सहाव्या फ्रेटला बझ, बाकी कुठं नाही' असं कुणी लिहिलं तर तो माणूस कामाचा, कारण एकाच जागी बझ म्हणजे पुढचा फ्रेट वर आलेला. 'ट्रस रॉड फिरतच नाही' किंवा 'फिरून फिरून काही होत नाही' दोघांनी जरी लिहिलं तरी ते मॉडेल मी सोडतो, नेकचा जीवच तो. 'नेक पिळलेली' तर बघायलाच नको. 'पातळ ई तार नेकच्या कडेवरून खाली घसरते' हे मधलं प्रकरण, नेक चार स्क्रूंवर बसवलेली असेल तर स्क्रू जरा सैल करून नेक केसभर सरकवता येते, पण नटच्या खाचाच चुकीच्या अंतरावर कापल्या असतील तर नट बदलायला लागतो.

आणि 'ट्यूनिंग टिकत नाही'. हे सगळ्यात जास्त लिहिलं जातं आणि सगळ्यात कमी कामाचं आहे. नवीन तारा ताणायलाच लागतात, हातानं ओढून, परत ट्यून करून, परत ओढून, चार-पाच वेळा, तोपर्यंत त्या उतरतच राहणार. निपाणीच्या पोराचं हेच झालं होतं, त्याचे पप्पा गिटार परत करायला निघाले होते, मी फोनवर विचारलं ट्यूनर फिरवताना टिक्‌ असा आवाज येतो का, पोरगं म्हणालं "येतोय काका, आणि मग एकदम वर जातंय." तार नटच्या खाचेत अडकत होती. तार बाजूला घेऊन खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासायला सांगितलं आणि ट्यूनरच्या खुंटीवर तारेचे सहा-सात वेढे होते ते कमी करून दोन-तीन ठेवायला सांगितले, झालं. आता तो रिव्ह्यू त्यानं आधीच टाकला होता, दोन तारे, 'ट्यूनिंग खराब', तो अजून तिथंच आहे आणि लोक वाचतायत.

'आवाज येतो, हम (भणभण) येतो' हेही तसंच. ही चूक माझी. मी घेतली ती तीन सिंगल कॉइल पिकअपवाली, वडगावला आमच्या भिंतीला लागून यंत्रमाग, त्याची मोटर चालू झाली की ॲम्पमधून घूंऽऽ. रिव्ह्यूत चार जणांनी 'नॉइज आहे' लिहिलेलं, मला वाटलं वायरिंग खराब. वायरिंग ठीक होतं. सिंगल कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, ते आजूबाजूच्या विजेच्या ५० हर्ट्झची भणभण उचलणारच, म्हणून तर गिब्सन कंपनीत सेथ लव्हरनं १९५५ मध्ये दोन कॉइल उलट्या जोडून हमबकर केला. ओळखायचं कसं, गिटार घेऊन खुर्चीवर बसल्या जागी हळूहळू फिरा, एका दिशेला हम कमी झाला आणि तारांना हात लावल्यावर आणखी उतरला तर गिटार ठीक आहे, घरात ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, माग काय चाललंय ते बघा. रिव्ह्यूत कामाचं वाक्य असतं ते वेगळं, 'जॅक हलवला की आवाज जातो' किंवा 'दोन महिन्यांत व्हॉल्यूमचा पॉट खरखरायला लागला', अशी दोन-तीन दिसली तर समजायचं स्वस्तातला माल बसवलाय. ते बदलता येतं, पण किमतीत धरा.

फोटो. कंपनीचे नाहीत, लोकांनी टाकलेले. मोठे करून बघा. दोन्ही ई तारा शेवटच्या फ्रेटपाशी कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का, नेक बॉडीत बसते तिथं फट किती, नटची टोकं बाहेर आलीत का. मजकूर लिहिणारा 'एकदम परफेक्ट' म्हणतोय आणि त्याच्याच फोटोत पातळ तार कडेला लागलीये असं मी स्वतः बघितलंय. आणखी एक, काही साइटवर रंग, मॉडेल, ॲम्पसकट कॉम्बो, सगळ्यांचे रिव्ह्यू एकाच पानावर ओततात, मग चारशे रिव्ह्यूतले तुमच्या गिटारचे चाळीस निघतात, ते गाळून घ्या. व्हिडिओवाल्यांबद्दल एवढंच की त्यांच्याकडं आलेली गिटार कधी कधी दुकानानं सेटअप करून दिलेली असते, आणि जो आवाज तुम्ही ऐकताय तो निम्मा ॲम्पचा आणि बाकीचा त्यांच्या हातांचा.

आता आतेभावाचं सांगतो, कारण सगळं त्यात आलं. ऑगस्टमध्ये फोन, "दादा, खर्रर्र वाजालंय बघ. रिव्ह्यूत तर समद्यांनी भारी म्हटलेलं."

म्हटलं, "कुठल्या फ्रेटवर वाजतंय?"

"सगळीकडंच की."

"सगळीकडं नसतं रे. घेऊन ये रविवारी."

आला बसनं, गिटार खताच्या दोन रिकाम्या पोत्यांत गुंडाळून, वर सुतळी. बाहेर धो धो. म्हटलं आधी चहा घे, गिटार तासभर घरातल्या हवेला बसू दे. मग पहिलं काम ट्यून, कारण ट्यून न करता मोजलेलं सगळं वाया, तारांचा ताण असेल तसाच नेकचा बाक दिसणार. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटला जाड ई तार दाबून धरली आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली फिलर गेज. फेंडर कंपनी आपल्या ९.५ ते १२ इंच रेडियसच्या (फिंगरबोर्डच्या गोलाईच्या) नेकना इथं ०.२५ मिमी सांगते. इथं ०.६० चं पान सरळ आत गेलं. म्हणजे नेक चांगलीच पुढं वाकलेली. आणि सतराव्या फ्रेटला तारेची उंची १.६ मिमीच्या आसपास पाहिजे ती स्टील पट्टीवर दिसत होती एकच्या आत. आता कळलं काय झालं होतं, नेक वाकली म्हणून तार वर आली, ती वर आली म्हणून कुणीतरी, कारखान्यात का मधल्या दुकानात देव जाणे, सॅडल खाली केले, म्हणून वरच्या फ्रेटवर सगळीकडं खरखर.

ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, ट्यून, दहा मिनिटं थांबलो, मोजलं, परत पाव फेरा. घाई करू नका आणि एलन की सैल बसत असेल तर हात लावू नका, रॉडच्या नटाची धार गेली की संपलं. बाक ०.२५ वर आला, मग सॅडल वर घेतले, जाड तारेला १.६, बाकीच्या त्याच्या अंदाजानं. मग बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर मिळवून बघितला, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागं, उतरता असेल तर पुढं. नव्वद टक्के खरखर गेली. आतेभाऊ खूश, सौ.नी परत चहा टाकला.

पण जी तार, सहावा फ्रेट. टण्णऐवजी टर्रर. बाकी कुठं नाही. एटीएम कार्ड काढलं, उठावाची अक्षरं नाहीत ती कड, आणि सहा-सात-आठ अशा तीन फ्रेटवर जी तारेच्या खाली उभं ठेवलं (एका वेळी तीनच फ्रेटवर टेकलं पाहिजे, म्हणून इथं आखूड बाजू, नटकडच्या फ्रेटना लांब बाजू). कार्ड डुललं. टिक टिक, टिक टिक, सातव्यावर झोपाळ्यासारखं. आतेभावाच्या हातात दिलं, त्यानं दोनदा डुलवून बघितलं आणि बसूनच राहिला. सातवा फ्रेट खाचेतून वर आलेला, हे सेटअपनं जात नाही. ॲक्शन (तारांची उंची) एवढी वर करायची की तो फ्रेट लागणारच नाही, असं करता येतं, मग वाजवायला भिंतीवर चढल्यासारखं.

रात्री ते मॉडेल उघडून परत रिव्ह्यू वाचले, दोघं मिळून. होतं की! एकानं 'सातव्या-आठव्याजवळ काहीतरी लागतंय', दुसऱ्यानं 'मधल्या फ्रेटवर जी बेंड केली की आवाज मरतो', तिसऱ्यानं नुसता फोटो, चौथ्यानं चार तारे देऊन शेवटच्या ओळीत 'एक फ्रेट टेक्निशियनकडून बसवून घेतला'. चौघांनी एकच गोष्ट सांगितलेली आणि आम्ही ती पाच तारेवाल्यांच्या गर्दीत वाचलीच नव्हती.

परत करणंही सोपं नव्हतं, ५९१ नं सुरू होणाऱ्या त्याच्या पिनला रिटर्न पिकअप नाही असं साइट म्हणत होती, स्वतः पॅक करून पाठवा म्हणे. पाठवली. खानापूर, जोयडा, चंदगडच्या आतल्या गावांतून मागवणाऱ्यांनी ऑर्डर करायच्या आधी रिटर्नचा पिन घालून बघाच, आणि परतीची मुदत किती दिवसांची ते. कारण त्या मुदतीत तुम्हाला एवढंच ठरवायचंय की दुखणं स्क्रूचं आहे का गिटारचं. त्याला साधने फार लागत नाहीत, फिलर गेज, सहा इंची स्टील पट्टी, एलन की आणि एटीएम कार्ड. आणि कान लावायचा तो असा: मोकळी तार वाजवली तरच खरखर, दाबली की गायब, तर नटची खाच खोल गेलीय, नट बदलायला लागेल. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच खरखर, तर नेक फार सरळ किंवा मागं गेलीय, ट्रस रॉड सैल करून बघा. बाराच्या वर खरखर, तर सॅडल आणि बाक दोन्ही तपासा. एकाच जागी, एकाच तारेवर, तर कार्ड. माझी गिटार जूनमध्ये आली होती, तिची खरखर पहिल्या तीन फ्रेटवर होती, रॉड पाव फेरा सैल केला, आजपर्यंत नाही.

आतेभावानं दुसरी घेतली फेब्रुवारीत, हमबकरवाली, जुन्यापेक्षा हजार-बाराशे जास्त. ह्या वेळी तारे झाकून वाचले म्हणतो, खरंच बोटानं स्क्रीन झाकून. आली, फ्रेटची टोकं टोचत होती, बाक जास्त होता, ॲक्शन उंच, म्हणजे पाच तारेवाल्यांच्या हिशोबानं ही पहिलीपेक्षा वाईट. पण कार्ड पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत कुठं डुललं नाही, रॉड लोण्यासारखा फिरला, ठेवून घेतली. त्यानं टाकलेला रिव्ह्यू हा, मी फक्त शुद्धलेखन बघितलं:

'फेब्रुवारी, खानापूर, हवा कोरडी. ९ च्या तारा. आली तेव्हा बाक ०.४५ मिमी, सतराव्या फ्रेटला जाड ई २.४ मिमी. ट्रस रॉड अर्धा फेरा आवळला, सॅडल खाली घेतले, आता ०.२५ आणि १.६. सगळे फ्रेट कार्डानं तपासले, एकही वर नाही. टोकं टोचतात, घासून घेतली. जी तार नटमध्ये अडकत होती, पेन्सिल लावली. जॅकचा नट सैल होता, आवळला. पावसाळ्यात परत मोजून लिहीन.'

टोकं घासताना फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावायची असते. आम्ही लावली ती तिसऱ्या फ्रेटपासून पुढं, आधीच्या दोन फ्रेटना विसरलो, तिथं कानशीचा एक ओरखडा राहिलाय.